मावशीची जीभ

त्या रविवारी संध्याकाळी मावशीने पळीतली थेंबभर डाळ माझ्या तळहातावर घातली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी चाटली. म्हटलं, मीठ बरोबर आहे, लसूण जरा जास्त लाल झालाय, पण पोरं खातील. बरं म्हणाली आणि तिने तपेल्यावर झाकण ठेवलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. पाऊण तासाने मी आत गेलो तर ती पिठाच्या डब्याला टेकून बसली होती. हाताला पीठ तसंच. मला वाटलं, डुलकी लागली. हाक मारली. मग हलवलं. मग मी काय केलं ते मला आठवत नाही, शेजारचे सांगतात की मी तिच्या हाताचं पीठ पुसत बसलो होतो.

मावशी म्हणजे माझी बायको. आमच्या नवागामात तिला नावाने कोणी ओळखत नव्हतं. खानदेशातून सुरतेला कापडाच्या लूमवर आलेली बावीस पोरं आमच्या दोन खोल्यांत रोज जेवायची, ती सगळी तिला मावशी म्हणायची, म्हणून गल्ली म्हणायची, म्हणून शेवटी मीही म्हणायला लागलो. आम्हाला मूलबाळ नाही. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो, लिहिण्यात चुका असतील. तिने मला एक गोष्ट कोणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं. दोन वर्षं मी सांगितली नाही. आता खानावळ बंद झाली, पोरं पांगली, म्हणून लिहितो.

तिची जीभ म्हणजे काय चीज होती ते जेवलेल्यांना ठाऊक आहे. बोअरच्या पाण्यातला भात आणि नळाच्या पाण्यातला भात ती डोळे मिटून वेगळा सांगायची. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तूरडाळीत लाखेची डाळ मिसळून दिली. तिने दुकानातच कच्चा दाणा चावला, हातावर थुंकला आणि गिऱ्हाइकांच्या देखत त्याच्यापुढे धरला. म्हणाली, "शेठ, ही डाळ तुमच्या घरी शिजते का?" तेव्हापासून नवीन पोतं फोडलं की तो शेठच तिला बोलावून दाणा चाखायला द्यायचा. रांधताना ती पळीतलं थेंबभर आपल्या तळहातावर घ्यायची, चाटायची, आणि मग मीठ मुठीने टाकायची. चमचा तिने कधी वापरला नाही.

पिऊन आलेल्याला ती पंगतीत बसू देत नसे. गुजरातेत दारूबंदी असली तरी आमच्या भागात पोटलीतली, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली दारू पाहिजे तेवढी मिळायची. पोरगं उंबऱ्यात पाय ठेवतं न ठेवतं तोच तिला वास यायचा. "तुझ्या आधी तुझी पोटली जेवून आली, आता तू काय जेवशील?" म्हणायची आणि दारातून परत पाठवायची. मागून त्याच्या खोलीवरच्या दुसऱ्या पोराबरोबर डबाही पाठवायची, पण ते त्याला सांगायचं नाही असा दम द्यायची. शेवटच्या वर्षी एक जण चांगला झिंगून आला, तिच्यासमोर बसून चार भाकरी खाऊन गेला, आणि ती काही बोलली नाही. मला वाटलं, वयाने मऊ पडली.

त्याच वर्षी तिने दुसरी एक सवय लावून घेतली. डाळ असो, शेवभाजी असो, पहिली पळी आपल्या हातावर न घेता माझ्या हातावर. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. मी एका शब्दाचा माणूस. ठीक आहे म्हणायचो आणि हात पुसायचो. म्हातारपणी नवऱ्यावर माया आली असं मी समजायचो. एकदा भरीत खारट झालं तेव्हा भरल्या पंगतीत मी म्हणालो, "पोरांनो, मावशीच्या जिभेला आता पेन्शन द्या." सगळे हसले. तीसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. ते हसणं मला आजही डोळ्यासमोरून हलवता येत नाही.

आता बाटलीचं सांगतो. लूमच्या खडखडाटाने माझे कान अधू झाले, म्हणून मी इच्छापोरच्या एका कारखान्याच्या गेस्टहाऊसवर वॉचमन लागलो होतो. तिथे मशीन बसवायला एक अमेरिकन साहेब दोन वर्षं येऊन-जाऊन होता. उन्हाने नाक सोललेलं, स्वभावाने गरीब. पहिल्या वर्षी तिथला आचारी आजारी पडला तेव्हा मावशीने दोन दिवस तिथे रांधलं. साहेबाची कॉफी जाण्याआधी तिने घोटभर चाखली आणि आचाऱ्याच्या पोऱ्याला म्हणाली, "दूध मासळीच्या पातेल्यात तापवलं ना रे?" खरंच तापवलं होतं. साहेबाच्या ड्रायव्हरने ते त्याला इंग्रजीत सांगितलं. साहेबाने उठून तिला हात जोडले. म्हणाला, माझा भाऊ तिकडे बीअर बनवतो, त्याला अशी जीभ शोधून सापडत नाही.

तो शेवटचा जायला निघाला त्या आठवड्यात त्याने मला एक काळी बाटली दिली. त्याच्याकडे परमिट होतं, माझ्याकडे नव्हतं, पकडायचं असेल तर आता पकडा. ड्रायव्हरने समजावलं की ही बीअर साहेबाच्या भावाच्या हातची आहे. ज्या लाकडी पिंपात आधी व्हिस्की होती त्यात ही वर्षभर ठेवलेली आहे. नेहमीच्या बीअरसारखी कडू नाही, जेवणावर गोड खातात तशी आहे. साहेब सोमवारी जाणार, त्याआधी मावशीने चाखून हिच्यात काय काय लागतं ते सांगावं, भावाला कळवायचं आहे.

घरी आणली तर मावशी म्हणाली, दारू नको. मी म्हटलं, अगं, अमेरिका तुझ्या जिभेसाठी थांबली आहे. ती तांदूळ निवडत राहिली. तीन दिवस बाटली धान्याच्या कोठीमागे पडून होती. रविवारी दुपारची पंगत उठली, पोरं गेली, तेव्हा मी हट्टच धरला. साहेबाला काय सांगू, म्हटलं, मावशी घाबरली? तेव्हा कुठे ती आणा म्हणाली आणि दाराशी येऊन बसली.

माझ्या डोक्यात खोडी आली. तिच्या शिव्या मला आवडायच्या. सकाळचा कोरा चहा उरला होता, बिनसाखरेचा, गार झालेला. त्यात मी चमचाभर मीठ ढवळलं आणि तिच्या पेल्यात ओतला. माझ्या पेल्यात खरी बीअर. दोन्ही काळी, स्टीलच्या पेल्यात कोणाला कळणार? पहिल्या घोटाला ती थुंकेल, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करेल, मग मी खरी बाटली काढीन, असा बेत.

ती म्हणाली, तुम्ही आधी. मी घोट घेतला आणि म्हणालो, गोड आहे गं, जळक्या गुळासारखी. मग ती प्यायली. अर्धा पेला, सावकाश. थुंकली नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"हा, गोड शे. गूळ लागस, जळेल."

मला वाटलं, तिने माझी खोडी ओळखली आणि उलट मलाच बनवते आहे. मी हसत होतो. विचारलं, आणखी काय लागतं? ती म्हणाली, "तुम्हाले काय लागनं ते सांगा ना." आणि डोळे माझ्या गालावर. माझं हसू तोंडातच राहिलं. मी तिचा पेला घेऊन ओठाला लावला. समुद्राचं पाणी बरं.

"अगं, हा चहा आहे," मी म्हणालो. "मिठाचा."

ती बराच वेळ पदराने फरशी पुसत राहिली. तिथे काही सांडलेलं नव्हतं. मग म्हणाली, "मांगला साल पावसाळामा ताप उना ना, तवपासून. माले कसानीच चव लागत नही. वास बी नही."

सव्वा वर्ष. सव्वा वर्ष ती बावीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक माझ्या तोंडाकडे बघून करत होती. डावा गाल आत गेला की मीठ जास्त. भुवई चढली की तिखट. काहीच हललं नाही की बरोबर. हे तिने मला बोटांवर मोजून सांगितलं, जसं काही मीच तिला ते शिकवलं होतं. आणि मी पंगतीत पेन्शन द्या म्हणालो होतो.

मला राग आला. दुसरं काही येत नाही मला. डॉक्टरला का नाही दाखवलं म्हणून ओरडलो. ती म्हणाली, दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरांना प्रत्येक घासात खोट लागली असती. "जीभ गयी म्हंजे मावशी गयी. कोन्ले सांगू नका." मला वचन द्यायला लावलं. मी दिलं. म्हटलं, पण उद्या साहेब गेला की परवा दवाखान्यात जायचं. ती म्हणाली, बरं. परवाचं ठरलं आमचं.

मग मी तिच्या पेल्यात खरी बीअर ओतली. दाट होती, तेलासारखी पडली, वर तपकिरी फेस. तिने घोट घेतला. म्हणाली, जिभेवर सुया टोचतात, आणि गार आहे, बस. मग पाय पसरून बसली आणि म्हणाली, आता तुम्ही सांगा, नीट सांगा, ठीक आहे म्हणू नका.

मला कुठे येतं असं बोलायला? पण बोललो. पुरणाचा गूळ कढईच्या बुडाला धरतो, त्याच्या आधीच्या क्षणाला जसा असतो, तसा आधी लागतो. मग भाजलेलं सुकं खोबरं. मग गेस्टहाऊसमधली कॉफी, दूध नसलेली. काळा खजूर. मग घोट उतरला की पाऊस पडून गेल्यावर सॉमिलच्या दारात उभं राहावं तसं, ओलं लाकूड. आणि सगळ्यात शेवटी छातीत ऊब. ती डोळे मिटून ऐकत होती. एकदा म्हणाली, खोबरं किती भाजलेलं? मी म्हटलं, लाल, काळं नाही. तिने मान हलवली. बाटली संपली तेव्हा म्हणाली, "एवढं बोलता येतं तुम्हाला? मग छत्तीस वर्षं काय तोंडात मिठाची गुळणी होती?"

आम्ही दोघं हसलो. तिचे गाल लाल झाले होते. मग ती उठली, तोंड धुतलं, पोरांना वास यायला नको म्हणून बडीशेप खाल्ली, मलाही दिली, आणि डाळीला फोडणी द्यायला गेली.

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, डोक्यातली नस फुटली. मी विचारलं, बीअरने? तो म्हणाला, नाही काका, तेवढ्याने नाही. मी विचारलं, चव जाते ती याच्यामुळे का? त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, किती दिवस चव नव्हती? तिथे पोरं उभी होती. मी म्हणालो, कोणाला नव्हती? मी असंच विचारलं.

सोमवारी सकाळी बावीसच्या बावीस पोरं दारात. कोणी कामावर गेलं नाही. मी ड्युटीवर आलो नाही म्हणून ड्रायव्हरने चौकशी केली असणार, नऊच्या सुमाराला साहेबाची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. साहेब चालत आला, बूट काढले, तिच्या पायाशी वाकला. त्याचं सोललेलं नाक रडून आणखी लाल झालं होतं. जायला वळला, मग थांबला आणि ड्रायव्हरला हळूच काहीतरी म्हणाला. ड्रायव्हर लाजत लाजत माझ्याजवळ आला. आता विचारू नये, म्हणाला, पण साहेबाच्या भावाला सांगायचं आहे. मावशीने चाखली होती का? काय म्हणाल्या?

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, चाखली. आणि एकेक करून सांगितलं. धरायला आलेला गूळ. सुकं खोबरं, लाल भाजलेलं. बिनदुधाची कॉफी. काळा खजूर. ओलं लाकूड. छातीतली ऊब. मावशी म्हणाली, मावशी म्हणाली, असं प्रत्येकाच्या आधी लावून सांगितलं. साहेबाने खिशातून छोटी डायरी काढून लिहून घेतलं. लाकडापाशी त्याने मान वर केली आणि ड्रायव्हरला पुन्हा विचारलं, मग जोरजोरात मान हलवली. बरोबर होतं म्हणे, सगळं बरोबर. मागून एक पोरगं रडत दुसऱ्याला म्हणालं, मावशीची जीभच तशी होती रे. मी मागे वळलो नाही.

साहेबाने डायरी मिटली नाही. आणखी एक विचारलं. ड्रायव्हरने मला गुजरातीतच सांगितलं, "काका, साहेब पूछे छे, मासीने सौथी वधारे शुं भाव्युं?" म्हणजे या सगळ्यात मावशीला जास्त काय आवडलं.

मला काहीही सांगता आलं असतं. गूळ म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्याने लिहून घेतलं असतं. पण बीअरचं जाऊ द्या. छत्तीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, तिला स्वतःला काय खायला आवडतं हे मला ठाऊक नव्हतं. भात की भाकरी, एवढंसुद्धा. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, तेव्हा मी दाराबाहेर बसलेला असायचो.

"विचारलं नाही," मी म्हणालो.

ड्रायव्हरने ते साहेबाला सांगितलं की दुसरंच काही सांगितलं, मला माहीत नाही. पोरांनी तिला उचललं. कोणीतरी माझ्या हातात विस्तवाचं मडकं दिलं, आणि मी पुढे चालायला लागलो.