कुरकुरीचा वैरी

जळोचीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आबांना कुरकुर सोसत नाही. कुणाचं फाटक वाजलं, की हे तेलाची बुधली घेऊन हजर. माळेगावच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या यांच्या धाकानं मुकाट्यानं जातात, हे मी शपथेवर सांगतो.

यंदा गणपतीत कॉलनीनं उतरत्या फळीवरून चिमुकल्या लाकडी गाड्या सोडायची शर्यत ठेवली, जिंकणाऱ्याला ढाल. “ढाल आपलीच!” म्हणून आबांनी आठवडाभर कॉलनी डोक्यावर घेतली. तेलानं एवढंसं चाक जड होतं, म्हणून त्यांनी आसाला शिसपेन्सिलीची पूड अशी चोळली, की कुणी शिंकलं तरी गाडी इंदापूर गाठेल!

शेवटच्या फेरीत काटेवाडीच्या पाव्हण्यांशी गाठ पडली. त्यांची गाडी फळीवर ठेवताना चाक कुरकुरलं. आबांचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा झाला.

“थांबा वो पाव्हणं!” म्हणत त्यांनी खिशातली उरलीसुरली पूड त्या चाकांना चोळली. मग काय, ढाल गेली काटेवाडीला.

“आबा, हातानं घालवलीत की!” मी म्हणालो.

“जाऊंद्या. कान तर निवलं.”

मागून आबांच्या पत्नी, आमच्या काकू, कडाडल्या, “लगीन झाल्यापास्नं मी कुरकुरतीय, तवा कुठं असती वो ही पूड?”

आबांनी खिसा चाचपला. पूड संपली होती.