बुडीत यादीतल्या रोह्याच्या बाई

तुमच्यापेक्षा कमी शिकलेल्या माणसाचं म्हणणं खरं आहे हे कळूनही, केवळ ते त्याचं आहे म्हणून तुम्ही कधी खोडून काढलंय का?

मी काढलंय. वडील धाटावच्या कारखान्यात कामाला, कामगार युनियनमध्ये. घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे, मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. बी.कॉम. होऊन पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात हिशेबाला लागले. तिथे एक ताई आधीपासून होत्या, बारावी पास, रोज रोह्याहून येणाऱ्या. शेठ सगळं त्यांनाच विचारायचे. चहासुद्धा आधी त्यांच्या टेबलावर जायचा, आणि मी तो जाताना बघत बसायचे.

मार्चअखेर शेठनी एक काम मात्र मला दिलं. उधारीवर गेलेल्या मूर्तींचे किती पैसे बुडतील, याचा अंदाज बांधायचा. बुडीत यादीत ज्याचं नाव, त्याला यंदा उधारीवर माल नाही. पुस्तकातला नियम मला पाठ होता: येणं सहा महिन्यांहून जुनं, तर निम्मं बुडीत धरायचं. तिघं निघाले. दोघांचे स्टॉल बंदच पडले होते. तिसऱ्या होत्या रोह्याच्या एक बाई, एकटीने स्टॉल चालवणाऱ्या.

ताईंनी यादी बघितली. "यांना कशाला घातलंस गो? त्या अक्षय्य तृतीयेला नवीन मूर्ती ठरवायला येतात, तेव्हाच मागचं चुकतं करतात. जुन्या लोकांची रीतच हाय ती."

"कुठे लिहिलंय?"

"लिवलेलं नाय."

"मग 'ताईंचा शब्द' असा रकाना काढू?"

"काढ की! भरायला तुलाच रोह्याला यावं लागंल."

शेठ मोठ्याने हसले. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मागच्या वर्षांच्या वह्या कपाटात होत्या. उघडल्या असत्या तर दोन मिनिटांत कळलं असतं. ताई खरं बोलताहेत हे ठाऊक होतं, म्हणूनच उघडल्या नाहीत. "ओळखीपाळखीवर हिशेब चालत नाहीत, हा वशिला आहे," असं पत्रकी भाषेत ठणकावलं. शेठनी यादी मंजूर केली. त्या दिवशी मी जिंकले.

अक्षय्य तृतीयेला बाई आल्या. मागची सगळी बाकी मोजून दिली आणि नव्या मूर्ती मागितल्या. त्यांच्या वाट्याच्या मूर्ती वडखळच्या एका व्यापाऱ्याला कबूल झाल्या होत्या.

"माझं काय चुकलं?" त्यांनी मला विचारलं.

"नियम आहे," मी म्हणाले.

ताईंनी त्यांना पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. तेव्हाही माझा जळफळाटच झाला, की हे यांनाच कसं सुचतं. त्या वर्षी रोह्यात बाईंचा स्टॉल लागला नाही.

तुम्ही कुठे हिशेबाला असाल आणि अशी यादी तुमच्या हातात असेल, तर सही करण्याआधी त्यातल्या प्रत्येक माणसाला स्वतः फोन करा. पैसे कधी देणार, एवढंच विचारू नका. दरवर्षी कधी देता, तेही विचारा.