तीन म्हाताऱ्या आणि गाई

सिग्ने टोलेफसनच्या दोन शब्दांमध्ये एक गाय दोहून होते, असं तिचे वडीलच म्हणायचे. इतकी सावकाश बोलणारी मुलगी रेडिओवर कशी गेली, हे आमच्या एल्म फॉल्स गावात कुणालाच उमगलं नव्हतं. पण गेली. कॉलेजच्या ग्रंथालयाखालच्या तळघरात मुलंच चालवतात ते रेडिओ केंद्र. दर बुधवारी दुपारी बाराला ती तिथून पोल्का, म्हणजे अकॉर्डियनवरची नाचाची गाणी, लावायची. शेवटच्या वर्षी केंद्राची प्रमुखही झाली. "पोल्का नसला तर आमची डॉली पान्हा सोडत नाही," असं ती खुशाल माइकवर सांगायची, आणि शहरातून आलेली पोरं लाजायची.

त्या एप्रिलमध्ये कॉलेजनं केंद्राचा परवाना कुठल्याशा लांबच्या कंपनीला विकायचं ठरवलं. मुलं परीक्षेत बुडालेली असताना उरकून टाकायचं, असा बेत. पण कायद्याची एक मेख होती. विक्रीची सूचना त्याच केंद्रावरून, दिवसाउजेडी, दर आठवड्याला एकदा अशी चार वेळा वाचावी लागते. हरकत कुठं पाठवायची तो पत्ताही त्यात असतो.

डीन हॉलिंगर यांनी कागद सिग्नेच्या हातात दिला. "एवढं वाचून टाक. वर एक शब्द नको."

"एकही नको?"

"एकही नको. तुझं पदवीचं वर्ष आहे, विसरू नकोस."

"बरं सर. शब्द दिला."

बुधवारी मी आणि माझी मैत्रीण आर्लीन चर्चच्या स्वयंपाकघरात आजाऱ्यांसाठी हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचा भट्टीत भाजलेला पदार्थ, करत होतो. रेडिओ खिडकीत. सिग्नेनं सूचना वाचली ती रविवारी वेदीजवळ उभं राहून पवित्र वचन वाचावं तशी. पत्त्यातला एकेक आकडा सुटा सुटा. आणि मग काहीच नाही. शब्द नाही, सूर नाही. रेडिओवाल्यांना सगळ्यात मोठी भीती असते ती याची. मी डावानं रेडिओला दोन टोले दिले.

"मारतेस काय बिचाऱ्याला," आर्लीन म्हणाली. "केंद्रच गेलं असेल."

"गेलं नाही," मी म्हटलं. "जाणार आहे. ती आपल्याला दाखवतेय."

पूर्ण एक मिनिट. मग पोल्का.

डीननी तिला बोलावून केंद्राची किल्ली काढून घेतली. "ती शांतता कागदावर होती का?"

"शांतता म्हणजे शब्द नाही, सर. मी दिलेला पाळला."

पुढच्या बुधवारी डीन स्वतः वाचायला बसले. अर्ध्या मिनिटात सूचना गुंडाळली आणि रेकॉर्ड लावली. माइकचा खटका खाली करायचा असतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. ते राहून गेलं. अकॉर्डियनच्या सुरांवरून त्यांचा आवाज सगळ्या गावभर गेला: "ऐकतंय कोण हे? तीन म्हाताऱ्या आणि गाई!"

आर्लीननं बटाटा खाली ठेवला. "आपण दोघी झालो. तिसरी कोण गं?"

रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या तळमजल्यात कॉफी असते. तिथं सिग्ने कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन उभी. भाषण नाही, विनवणी नाही. "पत्ता तुम्ही ऐकलाय," एवढंच म्हणाली. अख्खा हिवाळा विणकामाच्या सुईपलीकडे हातात काही न धरलेल्या बायकांनी पेनं उचलली. मी आधी प्रार्थना केली, राग उतरू दे म्हणून. तो काही उतरला नाही. मग देवाचीही तशीच इच्छा दिसते असं समजून होता तसा कागदावर उतरवला. सिग्नेच्या वडिलांनी एकच ओळ लिहिली: "माझ्या एकेचाळीस गाईंची हरकत आहे." खाली सही, आणि शेजारी डॉलीचं नाव.

तिसऱ्या बुधवारी डीननी किल्ली सेक्रेटरीच्या हाती परत पाठवली. माइकजवळ जायला ते आता तयार नव्हते. सिग्नेनं पुन्हा तसंच वाचलं, आणि पुन्हा तेच एक मिनिट. या वेळी मी रेडिओला हात लावला नाही. हार्डवेअरच्या दुकानात, म्हणे, गिऱ्हाईकं हातात खिळे धरून गप्प उभी होती.

चौथं वाचन झालंच नाही. वॉशिंग्टनला, रेडिओचे परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीत, साडेसहाशे हरकती पोचल्या होत्या. कंपनीनं काढता पाय घेतला आणि कॉलेजनं अर्ज मागे घेतला.

पदवीदानाला डीननी सिग्नेच्या हातात गुंडाळी दिली. ती तिथंच थांबली, बोलायला तिचा नेहमीचा वेळ घेत. मागची रांग खोळंबली. "बुधवारी तळघरात या, सर," ती म्हणाली. "खटका कुठं असतो ते दाखवते."

आता ती वडिलांबरोबर गोठा सांभाळते. केंद्र नवी मुलं चालवतात. दर तासाला केंद्राचं आणि गावाचं नाव सांगणं कायद्यानं भाग आहे, तसं ती सांगतात. आणि मग, डीननी दोनदा लेखी मनाई केली असतानाही, पुढं जोडतात: "तीन म्हाताऱ्या आणि गाईंसाठी."

तिसरी कोण, याचा वाद आमच्या स्वयंपाकघरात अजून चालू आहे. आतापर्यंत अकराजणींनी हक्क सांगितला आहे.