ठिपका नंबर सात

विनायकराव साबळे हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले त्याला सात वर्षं झाली, पण त्यांच्या घरातल्या चपला अजून टाचेला टाच लावून उभ्या असतात. वाळवा तालुक्यातून निघालेला हा माणूस जोधपूर, तेजपूर, हलवारा करत शेवटी चंदीगडला आला आणि मनीमाजऱ्यात फ्लॅट घेऊन इथेच राहिला. का राहिला, तर गावाकडे आता ओळखीचं कोणी उरलं नाही, असं ते सांगतात. सरलाताई, म्हणजे त्यांची बायको, सांगतात की गावाकडे त्यांचं ऐकणारं कोणी उरलं नाही. इथे निदान पार्क आहे.

पार्क म्हणजे त्यांच्या बिल्डिंगसमोरचं, चारी बाजूंनी लोखंडी ग्रिल असलेलं. पार्क कमिटीचे सेक्रेटरी साबळेच, तेही बिनविरोध, कारण ती बिनपगारी डोकेदुखी दुसऱ्या कोणाला नकोच होती. पार्कात चार पाट्या आहेत, चारही त्यांनी स्वतःच्या हातांनी रंगवलेल्या. ‘घास पर न चलें’, ‘पत्ते तोड़ना मना है’, ‘कूड़ा न फेंकें’ आणि ‘यहाँ ताश न खेलें’. या शेवटच्या पाटीवर बलजीत सिंग आपला कोट टांगतो आणि खाली सतरंजी टाकून पत्ते पिसतो. गेली पाच वर्षं दोघांचं रोज भांडण होतं, आणि एखाद्या दिवशी नाही झालं तर बलजीत संध्याकाळी घरी येऊन तब्येत विचारून जातो.

अशा या पार्कात गेल्या नोव्हेंबरात एक मुलगी आली. गळ्यात लिहायचं पॅड अडकवलेलं, पॅडवर पार्कचा नकाशा, कानामागे तीन रंगांची पेनं. दर अर्ध्या तासाने पार्कला फेरी मारायची आणि नकाशावर ठिपके काढायची. साबळ्यांना वाटलं, ही नक्की प्रॉपर्टी डीलरची माणूस. ते जाब विचारायला निघाले, एवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती म्हणाली, “हो गं आई, जेवले मी. पक्का जेवले.”

झालं! तिचं खरं जेवण त्या दिवशी साबळ्यांकडेच झालं. मुलीचं नाव क्षितिजा. वडील फौजेत, मूळ अकोल्याचे, पण पोरगी आठ छावण्यांतल्या आठ शाळांत शिकलेली, त्यामुळे तिच्या मराठीत दर तिसरा शब्द हिंदी. इथल्या कॉलेजात ती लँडस्केपचा पुढचा अभ्यास करत होती. झाडं कुठे, रस्ते कुठे, बाकं कुठे, असं सगळं आखणाऱ्यांचं शिक्षण.

“मग हे ठिपके कसले?” साबळ्यांनी विचारलं.

“काका, एक ठिपका म्हणजे एक माणूस. लाल बसलेला, निळा चालणारा, हिरवा खेळणारा. रोज तोच माणूस दिसला तर तोच नंबर, बाजूला टाइम और त्याचा रस्ता. मतलब, कागदावर पार्क एक असतं आणि लोक स्वतः एक वेगळंच बनवतात ना, यार… सॉरी, काका. ते दुसरंवालं मला बघायचंय. तो गवतातून पडलेला रस्ता बघा. कुणी बांधला नाही, फिर भी आहे.”

तो रस्ता साबळ्यांच्या डोळ्यांत फार दिवस सलत होता. पलीकडे दूध बूथ आहे. तिथे जायचं तर फाटकातून वळसा पडतो, म्हणून लोकांनी ग्रिलचे दोन गज वाकवून वाट केली होती आणि गवत पार टक्कल पडेपर्यंत तुडवलं होतं. साबळे गंभीरपणे म्हणाले, “हां.”

क्षितिजा पुढे सांगत होती की हा तीन दिवसांचा नमुना झाला, खरा सर्व्हे डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपासून सात दिवस, अकरा ते दोन. त्याच्यावरच तिचा प्रबंध उभा. सात दिवसांचे ठिपके नाहीत तर ज्युरीसमोर, म्हणजे परीक्षकांपुढे, उभंही करणार नाहीत असं सरांनी बजावलंय, आणि ज्युरी हुकली तर अख्खं सेमिस्टर गेलं. हे सगळं तिने नीट सांगितलं. सरलाताईंनी ते नीट ऐकलं. साबळ्यांनी फक्त ‘सर्व्हे’ आणि ‘सोमवार’ एवढंच ऐकलं.

आता बत्तीस वर्षं ज्या माणसाने वार्षिक तपासणीच्या आधी दगडांनासुद्धा चुना फासला, त्याला ‘बघायला येणार’ म्हटल्यावर काय होतं, हे नागरी लोकांना कळायचं नाही. त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी साबळे टोपी घालून पार्कात उतरले. ग्रिलची फट तारेने शिवली. उघड्या पडलेल्या वाटेवर कुंड्यांची रांग मांडली. विटांच्या कडांना गेरू आणि चुना, एक लाल एक पांढरी. उन्हात सतरंज्या टाकून शेंगा फोडत बसणाऱ्या बायकांना हात जोडून विनंती केली, की सात दिवस बाकावर बसा आणि टरफलं पिशवीत टाका. पोरांची क्रिकेटची बॅट ताब्यात घेऊन पावती दिली. बलजीतलासुद्धा भरल्या गळ्याने म्हणाले, “बलजीत, बच्ची के करियर का सवाल है.” अशा वेळी नाही कसं म्हणणार? बलजीतने पत्ते खिशात घातले.

सोमवारी अकराला क्षितिजा फाटकात आली आणि तिथेच थांबली. पार्क चकाचक. अकरा माणसं अकरा बाकांवर, हात मांडीवर. एक आजोबा पक्क्या रस्त्यावरून पुढे बघत चालत होते. साबळे फाटकाशी ताठ उभे, छाती पुढे, चेहरा सात्त्विक.

बिचारीला वाटलं, थंडी पडली म्हणून असेल. मंगळवारीही तेच. बुधवारी दुपारी ती तारेने शिवलेल्या फटीजवळ जाऊन बसली आणि नकाशा मांडीवर घेऊन रडायला लागली. सरलाताई वरून चहाचा थर्मास घेऊन धावत आल्या आणि तिच्या पाठीवर हात फिरवत त्यांनी सगळं काढून घेतलं. मग नवऱ्याला हाक मारली. त्या हाकेनेच साबळ्यांना कळलं की काहीतरी चुकलंय.

“अहो, तिला पार्क नव्हतं बघायचं. माणसं बघायची होती! तुम्ही माणसंच गायब केलीत.”

पोरीचं काम चांगलं दिसावं म्हणून तीन दिवस कंबर मोडेपर्यंत राबलो आणि तिचंच वाटोळं केलं, हे हळूहळू डोक्यात शिरलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून एखादी तपासणी नापास झाली होती, आणि तीही दुसऱ्याची.

पण गप्प बसतील ते साबळे कसले! संध्याकाळी कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हुकूम सुटला: ‘कल से सब लोग पहले जैसे बैठें. ११ से २ ताश अनिवार्य. मूंगफली के छिलके इधर-उधर फेंकें. कृपया सहयोग करें.’

गुरुवारी लोकांनी सहयोग केला. बायका गवतावर एका ओळीत बसल्या आणि शेंगा फोडून टरफलं जरा लांब टाकू लागल्या. मुलं क्रिकेट खेळली, पण प्रत्येक बॉलनंतर साबळ्यांकडे बघत. बलजीतने पत्ते वाटले आणि वैतागून खाली टाकले. “साबळे साब, अब ताश भी ऑर्डर से खेलें? मज़ा ही नहीं आ रहा.”

“काका, प्लीज,” क्षितिजा हसावं की रडावं अशा सुरात म्हणाली, “आता काहीच करू नका.”

रविवारी सात दिवस संपले. तिने साबळ्यांच्या जेवणाच्या टेबलावर सगळे नकाशे पसरले. तारेच्या आधीचे नोव्हेंबरचे तीन, तारेनंतरचे तीन, हुकमानंतरचे चार. तिच्या सरांचा फोन येऊन गेला होता. इतका फरक एका माणसामुळे पडला असं परीक्षक मानणार नाहीत, तू ठिपके मनाने काढलेस असंच म्हणतील. सेमिस्टर सोडायची तयारी ठेव.

साबळे चष्मा लावून नोव्हेंबरचे नकाशे बघू लागले. बघता बघता त्यांच्यातला सेक्रेटरी जागा झाला.

“हा बघ! हा सात नंबरचा निळा ठिपका. तिन्ही दिवस, अकरा चाळीसला, पक्का रस्ता सोडून सरळ गवतातून ट्यूबवेलच्या खोलीमागे जातोय. पाटीसमोरून! कोण आहे हा नालायक?”

क्षितिजा खाली बघून पेनाचं टोपण लावू लागली. सरलाताईंनी मान वळवून नकाशा पाहिला, मग घड्याळ पाहिलं, मग नवऱ्याला पाहिलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “माझी बाराची फोडणी.”

साबळ्यांचा चेहरा असा झाला की क्षितिजा आठवडाभरात पहिल्यांदा हसली. ट्यूबवेलच्या खोलीमागे, भिंतीच्या उबेला, कढीपत्त्याचं झाड होतं. सरलाताईंनी वाळव्याहून रोप आणून गुपचूप लावलेलं. विनायकराव त्याची चार पानं आणायला रोज जायचे, गवत तुडवत, ‘पत्ते तोड़ना मना है’ या स्वतःच्याच पाटीखालून हात घालून. पण मानलं पाहिजे त्या माणसाला! कुंड्या मांडल्यापासून तेसुद्धा गवतावर गेले नव्हते, आणि घरात गेले नऊ दिवस आमटीला कढीपत्ता नव्हता.

क्षितिजाने ज्युरीला सगळे नकाशे लावायचं ठरवलं. जसं घडलं तसं. साबळे रात्रभर घोरले नाहीत, असं सरलाताई सांगतात. मंगळवारी, ज्युरीच्या दिवशी, त्यांनी ब्लेझर घातला आणि न बोलावता कॉलेजात गेले.

आत बाहेरगावच्या परीक्षक बाई नकाशांसमोर उभ्या होत्या. क्षितिजाला सरांनी सांगितलं होतं तेच त्या विचारत होत्या. “एक आदमी? पूरा पार्क?” तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मॅडम, वो आदमी मैं हूँ,” साबळे सावधान उभे राहून म्हणाले. तार कुठे लावली, कुंड्या किती, गेरू कुठल्या दुकानातून आणला, सगळं तारीखवार सांगितलं. खिशातून व्हॉट्सअॅपच्या हुकमाचा छापील कागद काढून टेबलावर ठेवला. ‘ताश अनिवार्य’ वाचून एक मास्तर खोकायला लागले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी नोव्हेंबरच्या नकाशावर बोट ठेवलं. “और ये नंबर सात कौन है?”

हे मात्र सांगायची गरज नव्हती. माळ्याचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. साबळ्यांचे कान लाल झाले. कॉलनीत उद्या काय हसं होईल ते त्यांना दिसत होतं, आणि बलजीत तर जन्मभर सोडणार नव्हता. त्यांनी एकदा क्षितिजाकडे पाहिलं.

“वो भी मैं हूँ, मॅडम. कढीपत्ता तोड़ने जाता हूँ. बोर्ड भी मैंने ही लगाया है.”

“आप तो क़ायदे के पक्के लगते हैं. फिर घास पर क्यों?”

या प्रश्नाचा साबळ्यांनी आजवर विचारच केला नव्हता. “मॅडम, बत्तीस साल जहाँ भेजा, वहाँ गया. वो भी मेरे साथ घूमी, हर जगह नया किचन, कुछ माँगा नहीं उसने. यहाँ आकर बस एक पौधा लगाया.” त्यांनी नकाशावरच्या ट्यूबवेलच्या खोलीवर बोट ठेवलं. “पक्का रास्ता वहाँ नहीं जाता.”

बाईंनी पेन उघडलं, ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि क्षितिजाला म्हणाल्या, हा तुझ्या प्रबंधाचा पहिला धडा, आणि नकाशे आहेत तसे राहू देत. पोरगी पास झाली होती, आणि ते समजायला तिला अर्धं मिनिट लागलं.

दुसऱ्या दिवशी अकराला साबळ्यांनी पक्कडीने ग्रिलची तार स्वतः कापली. बलजीतला बातमी लागली होतीच. त्याने सतरंजीवरून खणखणीत आवाज दिला, “सात नंबर! पत्ते ले आए क्या?” सगळं पार्क हसलं. साबळ्यांनी त्याला दोन शिव्या घातल्या, कुंड्या बाजूला केल्या आणि अकरा चाळीसला, सगळ्यांच्या देखत, गवतातून सरळ चालत गेले.