केरे की केर: अळणावरच्या देवराईत आमचे खराटे

हुबळीतल्या केशवापूरच्या आमच्या महिला भजनी मंडळाची सहल दरवर्षी देवाच्या गावाला जाते आणि दरवर्षी देवापेक्षा एकमेकींच्या सुनांवरच जास्त भजन होतं. यंदा मात्र आमच्या अध्यक्ष मालतीवहिनींच्या डोक्यात निसर्ग शिरला. बंगळुरूच्या त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं म्हणे, की आई, देव आता झाडांत शोधायचा. वहिनींनी लगेच मनावर घेतलं. मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे असतो, त्यामुळे झाडातल्या देवाला अभिषेकाची पावती फाडावी लागत नाही हे माझ्या ताबडतोब ध्यानात आलं आणि मीही हात वर केला.

वहिनींच्या घरी वर्षाचे तांदूळ घालणारे परशुरामअण्णा अळणावरच्या पुढे एका खेड्यात राहतात. गावाचं नाव देत नाही. दिलं तर तुमच्यातले निम्मे तिथं रिसॉर्ट कुठंय म्हणून विचारत जातील. तर या अण्णांचा फोन आला, "वहिनी, रविवारी केरेची साफसफाई हाय, मंडळ घिऊन या." ज्यांना कानडी येत नाही त्यांच्यासाठी सांगते, केरे म्हणजे तळं. आमच्याकडचं मराठी असं दोन भाषांत पाय टाकून चालतं. वहिनी मात्र मूळच्या कोल्हापूरच्या. इतकी वर्षं हुबळीत काढूनही त्यांचे कान कोल्हापुरातच आहेत. त्यांनी ऐकलं ते "केराची साफसफाई" आणि मोबाईलवर आम्हा सगळ्यांना निरोप धाडला: रविवारी केर काढायला अळणावरला जायचे आहे, प्रत्येकीने आपापला खराटा आणावा. शिवाय तिथं मंडळातर्फे सिमेंटचं बाकडं बसवू म्हणून वर्गणीही गोळा केली. बाकड्यावर कुणाचं नाव आधी घालायचं यावरून दोघींनी एकमेकींशी बोलणंच टाकलं.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. थंड हवेच्या बसच्या नादी लागू नये, तिथं पैसे पडतात आणि वर सर्दी होते. आमच्याबरोबर सामान उचलायला म्हणून माझे यजमान होते. त्यांना तिकीट काढावं लागलं आणि धारवाडपर्यंत ते सगळ्या बसला ऐकवत राहिले, की पंधरा बायकांत एकट्या पुरुषावर हा अन्याय आहे. कंडक्टरनं आमच्या खराट्यांकडे पाहून विचारलं, अक्का, संप फोडायला निघालात काय? मी सांगितलं, देवाचं काम आहे. त्यानं खराटे मागच्या सीटखाली ढकलले. खराट्याला पाय लागू नये म्हणून मी माझा उभा धरून बसले. शेवटी लक्ष्मीच ती, आणि तिलाही तिकीट नव्हतं.

धारवाडला गाडी बदलली. स्टँडवर गिरमिट, म्हणजे आमच्याकडची चुरमुऱ्यांची भेळ, खाल्लं. कांदा भरपूर, मिरची सढळ, एका प्लेटमध्ये दोघींचं भागतं. बरोबर भाकरी आणि शेंगाचटणी होतीच, पण ती दुपारसाठी. पुढचा रस्ता चांगला आहे. धारवाडचे नवे प्लॉट मागे पडले, की झाडं हळूहळू उंच होत जातात. प्लॉटांच्या पाट्या मात्र अळणावरपर्यंत सोबत करतात. झाड तोडून तिथं "ग्रीन" नावाचं काहीतरी बांधायची पद्धत आता इकडेही आली आहे. अळणावरहून टमटम केली. टमटमवाल्यानं खराट्यांचं वेगळं भाडं मागितलं, मी दिलं नाही.

गाव छोटं. एका बाजूला दुर्गव्वेची देवराई, दुसऱ्या बाजूला तळं. अण्णांच्या घरून निरोप आला, की ते एका म्हाताऱ्या बाईंना आणायला वाडीवर गेले आहेत, येईपर्यंत चहा घ्या आणि बसा. बसणं हा प्रकार आमच्या मंडळाला भजनाशिवाय जमत नाही. आम्ही देवराईत शिरलो. आत एकदम गारवा. एवढी थोरली झाडं, की वर बघताना डोक्यावरचा पदर पडावा. मधोमध दगडाची देवी, ना देऊळ ना छप्पर. मी हात जोडले, आणि वहिनींनी खाली बघितलं. पाऊल बुडेल एवढा पाचोळा.

"देवीच्या दारात एवढा केर," वहिनी म्हणाल्या. "गावात बायका नाहीत की काय?"

मग काय, कमरेला पदर खोचले. एकीनं अभंग धरला, बाकीच्यांनी खराट्यानं ताल धरला. माणसाला पुण्य आणि व्यायाम एकदम मिळायला लागला, की त्याचा हात थांबत नाही. अर्ध्या-पाऊण तासात देवीसमोरची जमीन आमच्या तुळशीपुढच्या अंगणासारखी गुळगुळीत झाली. पाचोळ्याचे ढीग लागले. वहिनी ढीग पेटवायला काड्यापेटी शोधत होत्या. ती माझ्या यजमानांच्या खिशात होती आणि यजमान चहाला गेले होते. त्यांच्या चहाच्या सवयीबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा देवाचे आभार मानते.

कारण तेवढ्यात अण्णा आले, सोबत त्या म्हाताऱ्या बाई. रखमाक्का. हिरवं इरकल, नाकात मोठी नथणी, हातात काठी. अण्णांचा चेहरा पाहूनच खराटे थांबले. रखमाक्का झाडलेल्या जमिनीच्या कडेला उभ्या राहिल्या, पुढं पाय टाकेनात.

"देवीचं पांघरूण काढलंसा की," त्या म्हणाल्या.

या रानातलं वाळकं पानही कुणी उचलत नाही, हे अण्णांनी आम्हाला तेव्हा सांगितलं. सरपणाला काटकीसुद्धा नेत नाहीत. पडलं ते देवीचं. वहिनी म्हणाल्या, तुम्हीच तर केराची साफसफाई म्हणालात. अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "केरेची, वहिनी, केरेची. तळ्याचा गाळ काढायचा हाय." आमच्यातल्या कानडी समजणाऱ्या सगळ्याजणी एकदम हातातल्या खराट्याकडे बघू लागल्या.

हसण्यावारी गेलं असतं, पण प्रकरण तेवढ्यावर नव्हतं. देवराई आणि तळं यांच्या मध्ये जमिनीची एक लांबट पट्टी आहे, ती रखमाक्कांची. गावातल्या लोकांनी ठरवलंय, की ती पट्टी देवराईला जोडून तिथं गावठी झाडं लावायची, तळ्याच्या काठानं चालायला पायवाट ठेवायची, पोरांना खेळायला आणि गुरांना पाण्यावर जायला वाट मोकळी ठेवायची. पण हुबळीत राहणाऱ्या त्यांच्या मुलानं एका प्लॉटवाल्याला जमीन दाखवली होती. त्यानं लाल रंगाच्या खुंट्याही ठोकून ठेवल्या होत्या. रखमाक्कांनी अजून विसार घेतला नव्हता. पट्टी देवीला द्यायची की विकायची, ते त्या दिवशी देवीसमोर सांगते म्हणाल्या होत्या. आणि नेमक्या त्याच दिवशी आम्ही देवीला उघडं पाडलं होतं.

रखमाक्का अण्णांकडे वळल्या. "परशुराम, म्या जमीन देतो म्हटलं तर पुढं ह्येच होनार. आज झाडून घेतलं. उद्या फरशी घालनार, परवा बाकडं. मग तिकीट लावनार. त्यापरास त्या प्लॉटवाल्याला दिली तर पैसं तरी येत्यात, मुलाचं घर तरी हुतंय."

बाकडं म्हटल्यावर वहिनींनी हातातली पिशवी मागे घेतली. त्यात बाकड्यावरच्या नावांचा मसुदा होता.

अण्णांच्या बोलण्यावरच आम्ही आलो होतो, आणि आमच्यामुळेच त्यांचं सगळं बुडायला निघालं होतं. रखमाक्का परत फिरल्या. मला काय झालं ठाऊक नाही, मी त्यांच्या पुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, अक्का, स्वल्प निल्लिरी, जरा थांबा. आम्ही चुकलो, पण हे पांघरूण पुन्हा घालता येईल.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "घरात देव हाय का?"

"बाळकृष्ण आहे. थंडीत त्याला लोकरीची शाल घालते."

"आणि पावण्यानी येऊन ती वढून काढली तर?"

"तर त्या पाहुण्यांना चहाही देणार नाही," मी म्हटलं.

आजूबाजूची गावातली मंडळी हसली. रखमाक्का नाही हसल्या, पण काठी टेकवून एका मुळावर बसल्या. मी तेवढ्यावरच त्यांचं जाणं रद्द झालं असं धरलं.

मग पाचोळा पसरायला लागलो. तुम्ही कधी झाडलेलं परत पसरलंय का? हाताला सवयच नाही. पदरात भरभरून पानं न्यायची आणि उधळायची. एकीला त्यातही नीटनेटकेपणा सुचला. ती रांगोळीसारखं कडेनं पसरत गेली. रखमाक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अगं बाई, वाऱ्याला कुनी शिकिवलं न्हवतं. टाक तसंच." भाकऱ्या पिशवीत तशाच होत्या. कुणाची खायची हिंमत होईना, आणि गिरमिट तर केव्हाच जिरलं होतं. वहिनी गुडघ्यांनी अधू, पण त्यांनीही वाकून शेवटचा ढीग पसरला. पसरताना पुटपुटत होत्या, मला वाटलं देवीची क्षमा मागताहेत. जवळ गेले तर "केरे म्हणजे तळं, केरे म्हणजे तळं" असं घोकत होत्या.

ते ऐकून रखमाक्का पहिल्यांदा हसल्या. दात फारसे नाहीत, त्यामुळे हसणं थेट डोळ्यांत दिसतं.

त्यानंतर आम्ही खरोखर केरेकडे गेलो. होळीच्या आधीचे दिवस, काठचं पाणी आटलेलं. टोपल्यांतून गाळ काढून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकायचा. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरून सेलमध्ये घेतलेल्या साड्यांचं काय झालं ते इथं लिहीत नाही. गावातल्या बायका आमच्याहून कितीतरी भराभर काम करत होत्या आणि आमच्या सुनांबद्दल चौकशा करत होत्या, म्हणजे सहल काही अगदीच वाया गेली नाही. माझे यजमान तीन टोपल्यांनंतर देखरेखीवर गेले. भाकरी आम्ही शेवटी काठावर चिखलाच्या हातांनी खाल्ली, अण्णांच्या घरून वांग्याची भाजी आणि भात आला. पैसे घेतले नाहीत. तुम्ही गेलात तर तांदूळ मात्र विकत आणा, उत्तम असतात.

ऊन कलल्यावर रखमाक्का पट्टीवर आल्या. सगळे उभे राहिले. अण्णा पायानं ढेकूळ फोडत होते. रखमाक्कांनी सगळ्या पट्टीकडे पाहिलं, मग देवराईकडे, मग आमच्याकडे. आमच्या साड्यांकडे जरा जास्त वेळ.

"हुबळीच्या बायांनो," त्या म्हणाल्या, "काढायचीच हौस हाय तर ह्या खुंट्या काढा."

क्षणभर कळलंच नाही. अण्णांना कळलं. त्यांनी पहिल्या खुंटीला हात घातला आणि मग आम्ही सगळ्या तुटून पडलो. लाल खुंट्या खोल ठोकलेल्या, दोघी-दोघींनी हलवून हलवून उपटल्या. भजन म्हणायचं कुणाला सुचलं नाही. रखमाक्का पाठीमागून अटी सांगत होत्या: फरशी नाही, बाकडं नाही, पाटी नाही, नाव नाही. बसायचं तर जमिनीवर बसायचं. मुलाला काय सांगणार, असं मी हळूच विचारलं. म्हणाल्या, "सांगीन, देवीनं घेतली. त्यानं तिला जाऊन इचारावं."

खुंट्यांची भोकं राहिली. त्यांच्याकडे बघून रखमाक्कांनी आमचे खराटे मागवले आणि एकेक त्या भोकांत उलटा रोवायला लावला. सगळ्या पट्टीभर खराटे डोकी वर करून उभे. म्हणाल्या, काड्या पाखरं घरट्याला नेतील, दांडे माझी हद्द सांगतील, आणि तुमच्या हातात परत यायचे नाहीत. मी माझा खराटा रोवताना सवयीनं त्याला नमस्कार केला. नारळाच्या हिरांचा, नवाच होता.

बाकड्याचे पैसे आम्ही गाळ वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलला दिले. डिझेलवर नाव घालता येत नाही, त्यामुळे वहिनी धारवाडपर्यंत गप्प होत्या. नावावरून भांडलेल्या दोघी मात्र शेजारी बसल्या आणि एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या. निघताना आम्ही दरवर्षी गाळ काढायला येऊ म्हणून अण्णांना सांगत होतो. रखमाक्का मधेच म्हणाल्या, बोलू नका, पुढल्या साली या. धारवाडहून घरी येताना कंडक्टर सकाळचाच होता. खराटे कुठं गेले म्हणून त्यानं विचारलं. माझे यजमान म्हणाले, जप्त झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, सडा घालायच्या आधी, मी सवयीनं दाराआड हात घातला. तिथं काही नव्हतं. अंगणात शेजारच्यांच्या बदामाची पानं पडली होती. एरवी मी ती गोळा करून कोपऱ्यावरच्या रिकाम्या जागेत टाकते, आणि तिथं बाग होणार होती ती का होत नाही यावर शेजारणीशी तावातावानं बोलते. त्या दिवशी पानं सगळी उचलून आमच्या आंब्याच्या बुंध्याशी घातली. देवपूजेला बसले तर पूजेत मन लागेना, सारखं त्या बुंध्याकडे लक्ष.

यजमान चहा पिता पिता म्हणाले, बाजारात चाललोय, नवा खराटा आणू का?

"नको," मी म्हटलं. "घरातली केरसुणी आहे. बाहेर पांघरूण राहू दे."