टॉवरकाकांचे निरोप

टॉवरकाका एसटीत ड्रायव्हर होते. सबंध नोकरीत त्यांनी गाडी कधी पळवली नाही. मागचा जीपवाला हॉर्न वाजवून थकायचा, तरी मानोऱ्याच्या रस्त्यावर हे आपल्याच चालीने. पण मोबाइलवर ती गोल चकती फिरू लागली की हाच माणूस घरभर येरझारा घालायचा. "पाय बरं, पुन्हा भवरा सुरू झाला."

कारणही तसंच होतं. मुलगा संदीप पुण्याला. त्याची लेक रविवारी व्हिडिओवर यायची आणि आजोबांशी बोलायला तोंड उघडलं की नेमकी गोठायची. तेव्हा आमच्या गल्लीत रेंज यायची ती फक्त गच्चीवर. काका पाण्याच्या टाकीशेजारी मोबाइल उंच धरून उभे राहत, म्हणून हे नाव.

फायबरचं इंटरनेट आलं तेव्हा वेग मोजून देण्याचं काम शेजारी म्हणून माझ्याकडे आलं. मी सांगितलं, "काका, दोन माणसांच्या घराला तीस एमबीपीएस पुरे." त्यांनी शंभर घेतलं, मग दोनशे.

"थे बोलताना अटकली नाई पायजे, गजू. बाकी मले काई समजत नाई."

दोनशेवर चित्र इतकं स्वच्छ आलं की बोलताना संदीपचे डोळे दुसऱ्याच पडद्यावर आहेत, हेही दिसू लागलं. पुढे तो म्हणाला, "बाबा, आवाज रेकॉर्ड करून पाठवत जा, मी ऐकतो." व्हिडिओ संपला.

मग काका ओट्यावर बसून निरोप रेकॉर्ड करू लागले. बोलणं त्यांच्या गाडीसारखंच, प्रत्येक थांब्यावर थांबणारं. तुरीला शेंगा किती, काकूचा गुडघा कसा, नातीने दूध घेतलं का. शेवट ठरलेला, "काई घाई नाई, सवडीनं आयक."

दिवाळीला संदीप आमच्याकडे फराळाला आला. चकली खाता खाता त्याने बापाचा एक राहिलेला निरोप लावला, दुप्पट वेगाने. चिरका, घाईचा आवाज खोलीभर झाला. "बाबा फार हळू बोलतात हो, मी सगळे असेच ऐकतो," तो हसत म्हणाला.

काका दारात चपला काढत होते. म्हणाले, "हा कोन बोलून राह्यला?"

संदीपने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. मग त्यांना कळलं. "मी एवढा फास्ट? मंग डेपोवाले मले लेट काहून म्हनत होते?"

सगळे हसले. मला शिसारी आली, आणि ती अजून गेलेली नाही. मोबाइलवर पान उघडायला दोन सेकंद लागले तर शिव्या देणारी आपली जात. ती सवय आपण बापाच्या आवाजालाही लावली, आणि वर त्याला वेळ वाचवणं म्हणतो.

त्यानंतर काका स्वतःच भरभर बोलू लागले. ओट्यावरून तुकडे ऐकू यायचे. तूर निघाली. गुडघा ठीक. ठेवतो. 'घाई नाई' गेलं, नातीचं दूधही गेलं.

यंदा काका गेले. दहाव्यानंतर संदीप त्याच ओट्यावर मोबाइल घेऊन बसला होता. जुने निरोप त्याने जागा भरते म्हणून पुसलेले, उरले होते ते शेवटचे. आता तो ते साध्या वेगाने ऐकत होता, पुन्हा पुन्हा.

"गजूदादा," तो म्हणाला, "बाबा इतके भरभर बोलतात, काही कळत नाही. हे हळू करायचं कुठून?"

त्याच्या मोबाइलवर साधा वेग होता, दीडपट होता, दुप्पट होता. साध्याहून हळू काही नव्हतं.