दुसऱ्या फोनवर सुरू आहे

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांचा पेपर बंद केला. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, घरात बसायची सवय नाही. काळा चष्मा लावून घाटंजीच्या आमच्या घरी ते दिवसभर पलंगावर बसायचे आणि आईला दर अर्ध्या तासानं "किती वाजले?" विचारायचे. तिसऱ्या दिवशी मी त्यांना माझा जुना फोन दिला. त्यात गोष्टी वाचून दाखवणारं ॲप होतं, माझ्याच खात्यावर चालणारं. एक हेरकथा लावून दिली आणि म्हटलं, "हे गोल बटन दाबलं का गोष्ट सुरू होते. बाकी कशाले हात नका लावू."

त्याच खात्यावर मी माझ्या फोनवर वेगळंच पुस्तक ऐकत होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुस्तक हिंदीतलं, हलकंफुलकं होतं. डोंगरातल्या गावात बेकरी चालवणारा एक तरुण आणि तिथे बदली होऊन आलेला गुरांचा डॉक्टर. आधी एका बकरीवरून भांडण, मग प्रेम. दोघंही पुरुष. रोज यवतमाळला जाताना बसमध्ये मी ते ऐकायचो आणि हसू दिसू नये म्हणून तोंडाशी रुमाल धरायचो. माझ्यासारख्यांची गोष्ट अशी मजेत चाललेली मी बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकत होतो. घरी माझ्याबद्दल कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी मुली पाहणं सुरू होतं.

मी यवतमाळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. त्या दुपारी डबा खाताना ॲप उघडलं, तर पडद्यावर ओळ होती : 'दुसऱ्या फोनवर सुरू आहे'. सकाळी मी नवव्या भागात थांबलो होतो. समोर चौदावा भाग दिसत होता, आणि त्याचे सेकंद पुढे सरकत होते.

हातातला घास हातातच राहिला. बाबांनी गोल बटन दाबलं असणार, आणि मी शेवटचं जे ऐकलं तेच सुरू झालं असणार. बंद करावं म्हटलं तर तिकडे कळेल. फोन करावा तर काय बोलू? मी नुसता सेकंद बघत बसलो. मग सरांना पोट दुखतं म्हणून सांगितलं.

घाटंजीच्या बसमध्ये दोन वेळा वाटलं, मधेच उतरावं. बाबा ओरडतील याची भीती कमी होती. ते गप्प बसतील, आणि मग जन्मभर गप्पच राहतील, याची जास्त होती. स्टँडवरून घर दहा मिनिटांवर आहे. मला अर्धा तास लागला.

आई शेजारी गेली होती. बाबा पलंगावर होते, फोन मांडीवर पालथा ठेवलेला.

"आज लवकर आला काहून?"

"तब्येत बरी नाही."

"बस."

मी बसलो. मग त्यांनी विचारलं, "तो बेकरीवाला. त्यानं बापाले सांगतलं, तुले माहीत आहे का?"

"नाही. मी तिथपर्यंत नाही पोचलो."

"चौदाव्यात सांगते तो." थोडं थांबून ते म्हणाले, "तू काहून आइकतं हे?"

खोटं बोलायला तेव्हाही जागा होती. एका मित्रानं पाठवलं, चुकून लागलं, काहीही. पण तोंडातून निघालं ते एवढंच : "बाबा, मी बी तसाच आहो."

त्यांचा हात पलंगाच्या काठावर होता. तो त्यांनी मांडीवरच्या फोनवर नेऊन ठेवला.

"मले भेव वाटून राह्यलं," ते म्हणाले.

"माझं?"

"लोकायचं. पुसदच्या गाडीवर एक माणूस यायचा, जरासा नाजूक चालायचा. लोकं त्याले लय छळत. एक दिवस त्यायनं त्याले भर रस्त्यात उतरवलं. मी घंटी वाजवली अन् गाडी पुढं काढली." त्यांनी चष्म्याखाली बोट घातलं, मग डॉक्टरांचं आठवून काढून घेतलं. "मी काही बोललो नाही. हासलो बी असन."

मी त्यांचा हात धरला. तो गार पडला होता.

"आईले सांगतलं?"

"नाही."

"आज नको सांगू. एकादशी आहे तिची. उपाशी आहे सकाळपासून."

आईला मी चार दिवसांनी सांगितलं. बाबा बाजूला बसून होते. ती खूप रडली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट मात्र वेळेवर वाढत होती. मुली पाहणं बंद झालं. नातेवाइकांना बाबा काय कारण सांगतात, ते मी विचारलेलं नाही. भीती गेली असं मी म्हणणार नाही. आठवडी बाजारात कोणी बाबांना खांद्याला धरून बाजूला नेलं, की अजूनही ते परत येईपर्यंत मी भाजीवाल्यासमोर तसाच उभा राहतो.